परातीतले चिंचोके

संध्याकाळी दूध काढायचं, मोटर बघायची, भाकरी थापायच्या आणि सकाळच्या डब्याची तजवीज करायची. यात पोरांशी निवांत बोलायचं राहून जातं. मग पाण्याविषयी आपण त्यांच्याशी एकच वाक्य बोलतो, "नळ बंद कर!" घरोघरी हेच.

पण आपल्या बेल्हे गावातल्या पोरांना पाण्यातलं बरंच कळतं. लाईटची पाळी रात्रीची आली की बाबा बॅटरी घेऊन निघतात, पिंपळगाव जोगे धरणाचं आवर्तन लांबलं की घरात आवाज चढतात, उन्हाळ्यात आणे पठारावर टँकर जातात. सगळं ती बघतात. "औंदा बोअर आटला तर?" असं आपण दबक्या आवाजात बोलतो तेव्हा अंथरुणातलं पोर जागं असतं. खाली जमिनीत काय चाललंय ते त्याला दिसत नाही, म्हणून त्याची भीती आपल्यापेक्षा मोठी असते.

ते त्याला दिसावं म्हणून एक खेळ आहे, तो घरी खेळून बघा. आंध्र प्रदेशातल्या गावांमध्ये फाउंडेशन फॉर इकॉलॉजिकल सिक्युरिटी या संस्थेनं आणि इफ्प्री या संशोधन संस्थेनं शेतकऱ्यांबरोबर असा खेळ खेळला होता. त्यावरचा अभ्यास २०१६ साली छापूनही आला. आपण त्याची घरगुती आवृत्ती करू.

परातीत ५० चिंचोके ठेवा, हे जमिनीतलं पाणी. पाच पोरं म्हणजे पाच शेतकरी. दर हंगामाला ज्यानं त्यानं मनाशी पीक ठरवायचं. बाजरीला एक चिंचोका, कांद्याला तीन, आणि कांद्याला पैसे जास्त. सगळ्यांचा उपसा झाला की पाऊस येतो आणि परातीत पाच चिंचोके पडतात.

पाचही जणांनी कांदा लावला तर पाचव्या हंगामात परातीत दहाच उरतात आणि लागतात पंधरा. मग जी रडारड होते तिथं आपली खरी परीक्षा असते.

कारण पाचही जण कांदाच लावतील असं नाही. दरवेळी एकच चिंचोका घेणारं एखादं पोर असतंच, आणि बाकीच्यांनी कांदा लावला की परात तरीही आटते. ते रडवेलं होऊन विचारतं, "मी कमी घेतलं, तरी माझं पण संपलं. मग मी कशाला कमी घेऊ?"

अशा वेळी आपण थकलेले असतो, पटकन "शहाणं माझं बाळ" म्हणून विषय मिटवतो. मला वाटतं, तसं करू नये. त्याचा राग खरा आहे, आपल्या शिवारातही हेच होतं. त्याला म्हणावं, "पुन्हा मांडा, आता आपसात बोलून खेळा." ती नियम करतील, कुणी चोरून तीन उचलेल, भांडणं होतील. होऊ द्यावीत.

पुढं कधी विहिरीवर गेलात तर पोरांना हाताला धरून थर दाखवा. वर मुरूम, खाली मांजऱ्या, मध्येच काळा पाषाण. पाणी साठतं मुरमात आणि मांजऱ्याच्या भोकांत, भेगांत. पाषाणातून ते चिरेचिरेनंच वाट काढतं. थर बांध बघून थांबत नाही, त्यामुळे शेजारचा बोअर नि आपली विहीर पुष्कळदा एकाच परातीतून पितात. पोरांच्या हे चटकन ध्यानात येतं.

मग एक दिवस प्रश्न येतो, "आई, आपण कांदा का लावतो मग?" पोटात गोळा येतो. बँकेचा हप्ता, शाळेची फी, दवाखाना, सगळं त्या कांद्यावर चाललेलं. खरं सांगून टाकावं. पैसा लागतो म्हणून लावतो, आणि पाण्याची काळजी आम्हालाही वाटते. खोटा दिलासा पोरांना ओळखू येतो. शेजारच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचंही सांगावं. तिथं गाव एकत्र बसून पावसाचा हिशेब मांडतं नि त्यावर पिकं ठरवतं, शेतीला बोअर घेत नाही. मोठ्या माणसांनाही असं जमतं, हे कळलं की पोरांना धीर येतो.

आपल्या परातीत किती उरलंय ते कळायला दसऱ्याला आणि अक्षय्य तृतीयेला, रात्रभर मोटर बंद ठेवून सकाळी, दोरीला दगड बांधून विहिरीचं पाणी मोजा. दोरी आपल्या हातात, वही पोराच्या.

आणि खेळायला नुसती घरची भावंडं नकोत. शेजारच्या वस्तीवरची पोरं बोलवा. बोअरवरून ज्यांच्याशी आपलं बोलणं तुटलंय, त्यांचीसुद्धा.