योजना कागदावर नको, कसोटीवर हवी

नाटक कितीही चांगले लिहिलेले असले तरी रंगीत तालमीशिवाय पडदा वर जात नाही. पूर, भूकंप, आग किंवा साथ आली असता दवाखाना, वीज व पाणी चालू ठेवण्याच्या सरकारी योजनेलाही हाच नियम लावला पाहिजे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्याची अशी योजना असते आणि तिचा दरवर्षी आढावा घ्यावा लागतो. जिल्हाधिकारी या प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. परंतु आढावा म्हणजे कसोटी नव्हे.

संकट कार्यालयीन वेळ पाळत नाही. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. गणेश विसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपली होती. भंडारा जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर नवजात शिशू कक्षाला आग लागून १० बाळे दगावली. नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ रोजी भर दिवसा ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि पुरवठा खंडित होऊन २२ रुग्ण प्राणास मुकले. म्हणून तालीम रात्रपाळीतही हवी आणि तीही कधीतरी न सांगता.

तालमीचे साधारणपणे तीन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात सर्व खात्यांचे अधिकारी एकत्र बसून ‘असे घडले तर कोण काय करील?’ याची चर्चा करतात. दुसऱ्यात एकाच गोष्टीची, उदाहरणार्थ जनरेटरची, परीक्षा होते. तिसऱ्यात प्रत्यक्ष प्रसंग उभा केला जातो. २७ डिसेंबर २०२२ आणि १०-११ एप्रिल २०२३ या दिवशी करोनासाठी देशभरातील रुग्णालयांत अशी तालीम झाली होती.

तालमीत काय पाहावे?

१) वीज : जनरेटर नुसता सुरू करून भागत नाही. त्यावर पूर्ण भार टाकून तासभर चालवावा, डिझेल मोजावे. मात्र अत्यवस्थ रुग्णांच्या कक्षाची वीज तालमीसाठी कधीही तोडू नये.

२) ऑक्सिजन : मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर वायू असतो. मिनिटाला १० लिटर घेणाऱ्या एका रुग्णाला तो बारा तासही पुरत नाही. असे पाच रुग्ण असतील तर सुमारे दोन तास वीस मिनिटांत संपतो. भरलेला सिलिंडर यायला त्याहून अधिक वेळ लागत असेल, तर योजना तिथेच नापास झाली.

३) पाणी : एका डायलिसिसला सुमारे १२० लिटर शुद्ध पाणी लागते. आपल्या दुष्काळी जिल्ह्यात टँकर चुकला तर पर्यायी पाणी कोठून येणार, हे आधीच ठरलेले हवे.

४) लस : बहुतेक लसी २ ते ८ अंश तापमानात राहाव्या लागतात. शीतपेटी व बर्फाच्या पिशव्या तयार आहेत का?

५) माणसे व रस्ते : यादीतील प्रत्येक दूरध्वनी लावून पाहावा. बदली झालेल्या साहेबांचे नाव हमखास यादीत सापडते! बिंदुसरा किंवा सिंदफणा दुथडी भरून वाहत असता रुग्णवाहिका कोणत्या वाटेने येईल, हे चालकालाही माहीत हवे.

तालीम संपल्यावर हार-तुरे व छायाचित्रे यांपेक्षा उणिवांची यादी महत्त्वाची. प्रत्येक उणिवेपुढे जबाबदार व्यक्ती आणि तारीख लिहावी व पुढच्या वेळी तीच प्रथम तपासावी. तालमीत दोष सापडला तर तो नामुष्कीचा विषय नव्हे. तापाचे कारण वेळेवर सापडले तर रुग्ण वाचतो, तसेच हे आहे.

वाचकांनीही दोन गोष्टी कराव्यात. गावच्या आरोग्य केंद्रात शेवटची तालीम कधी झाली, हे ग्रामसभेत विचारावे. उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकाराखाली अहवाल मागावा. आणि घरात इन्सुलिन, डायलिसिस किंवा ऑक्सिजनवर असलेला रुग्ण असेल तर वीज गेल्यास काय करायचे, हे आजच ठरवून ठेवावे. तहान लागल्यावर विहीर खणायची नसते, हे दुष्काळ सोसलेल्या बीडकरांना कोणी वेगळे सांगायला नको.