एलईडी दिव्याचा जमाखर्च

वर्षअखेरीस पेढीचा ताळेबंद मांडताना पैशाचाही मेळ बसल्यावाचून आपण वही मिटत नाही. घरचे वीजबिल मात्र आपण निमूटपणे भरून टाकतो. त्यातील कोणती रक्कम कोणत्या दिव्याने खाल्ली, याची विचारपूस करणारा गृहस्थ विरळाच. जुने दिवे काढून एलईडी दिवे लावले असता घरखर्चात खरोखर बचत होते काय, आणि होत असल्यास किती, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल. परंतु तो समाजबंधूंपुढे व भगिनींपुढे मांडावा असे एक कारण गेल्या काही वर्षांत घडले. ते पुढे ओघाने येईलच.

दाणा किती, कोंडा किती

प्रथम मालाची पारख करू. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये तार तापून लाल-पांढरी होते आणि मग उजेड देते. त्यास पुरविलेल्या विजेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वीज उष्णतेतच खर्च होते. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर पोत्याचा भाव दाण्याचा द्यावा आणि घरी आणून पाहावे तो आत बहुतेक कोंडाच, असा हा व्यवहार आहे. एलईडी दिव्यात तार तापत नाही. त्यातील अर्धवाहक पदार्थातून वीज वाहताच प्रकाश बाहेर पडतो. म्हणूनच साठ वॅटच्या जुन्या बल्बएवढा उजेड सुमारे नऊ वॅटच्या एलईडीत मिळतो. पांढऱ्या प्रकाशाच्या या दिव्यास मूळ आधार ठरला तो निळ्या एलईडीचा. त्याच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांस २०१४ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा दिवा आरंभी महाग होता. तो स्वस्त कसा झाला, ही कथा व्यापाऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ५ जानेवारी २०१५ रोजी भारत सरकारची ‘उजाला’ योजना सुरू झाली. सरकारी कंपनीने कोट्यवधी दिव्यांची एकत्र मागणी नोंदवून उत्पादकांकडून निविदा मागविल्या. २०१४ च्या आरंभी एका दिव्याचा खरेदीभाव सुमारे ३१० रुपये होता, तो २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत उतरला. घाऊक खरेदीचे सामर्थ्य यापरते दुसरे कोणते उदाहरण सांगेल?

प्रत्यक्ष हिशेब

आता वही उघडू. दिवा दररोज पाच तास, म्हणजे महिन्यास १५० तास जळतो असे धरू. साठ वॅटचा बल्ब त्या अवधीत ९ युनिटे खातो. नऊ वॅटचा एलईडी १.३५ युनिट खातो. वाचली ७.६५ युनिटे. महिन्यास १०० ते २०० युनिटे जाळणाऱ्या येथील घरास, २०२२-२३ पासून लागू झालेल्या दरपत्रकाप्रमाणे, शंभरावरील प्रत्येक युनिट ४ रुपये ८० पैशांस पडते. म्हणजे एका दिव्यामागे दरमहा सुमारे ३७ रुपये वाचले. दिव्याची किंमत १०० रुपये धरली तरी तीन महिन्यांच्या आत मुद्दल वसूल होते. इतक्या अल्प मुदतीत मुद्दल परत देणारा धंदा आमच्या पाहण्यात नाही.

परंतु येथेच थांबून टाळी वाजविणे योग्य नव्हे. कोठीच्या खोलीतील दिवा दिवसाकाठी दहाच मिनिटे लागतो. तेथे महिन्याची बचत जेमतेम सव्वा रुपया, आणि मुद्दल फिटावयास जवळजवळ सात वर्षे. ज्या खोलीत सीएफएल दिवा आहे तेथेही घाई नको. चौदा वॅटच्या सीएफएलच्या जागी नऊ वॅटचा एलईडी लावल्याने महिन्यास पाऊण युनिट, म्हणजे ३ रुपये ६० पैसे एवढेच वाचतात. चालता सीएफएल फेकून देणे ही बचत नसून उधळपट्टी आहे. तो निकामी झाल्यावर मात्र बदलावा, आणि त्यात पारा असल्याने कचऱ्यात फोडू नये. जुनी ट्यूब तिच्या चोकसह पन्नास वॅटच्या घरात जाते. तीच जागा वीस वॅटच्या एलईडी पट्टीने भरली तर दरमहा साडेचार युनिटे वाचतात, आणि पट्टीचे अडीचशे रुपये वर्षभरात फिटतात.

एक दिवा मात्र आम्हांसही फसवून गेला होता. तो म्हणजे देवघरातील वा निजण्याच्या खोलीतील ‘झीरोचा बल्ब’. नाव शून्य, म्हणून खर्चही शून्य, अशी आमची समजूत होती. आमच्या सूनबाईंनी एकदा विचारले, “मामंजी, हा रात्रभर जळतो, तो खरेच फुकट जळतो का?” चौकशी केली तेव्हा कळले की तो बल्ब बारा ते पंधरा वॅट खातो. पंधरा वॅट व रात्रीचे दहा तास धरल्यास महिन्याची साडेचार युनिटे होतात. अर्ध्या वॅटचा लहान एलईडी तेच काम पंधरा शतांश युनिटात करतो. तीस वर्षे आम्ही ज्याची नोंदच केली नाही, तो खर्च घरातील एका मुलीने पकडला, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो.

दोनशेचा उंबरठा

या लेखाचे खरे मर्म पुढेच आहे. येथील दरपत्रकात २०० युनिटांच्या आत राहणाऱ्या घरास पहिली शंभर युनिटे ३ रुपये ४० पैशांनी व पुढील शंभर ४ रुपये ८० पैशांनी मिळतात. एकूण ८२० रुपये. परंतु एकच युनिट अधिक झाले की पहिल्या दोनशेही युनिटांचा दर ५ रुपये १० पैसे होतो आणि पुढील प्रत्येक युनिट ७ रुपये ७० पैशांस पडते. २०१ युनिटांचे झाले १,०२७ रुपये ७० पैसे. म्हणजे ते एक युनिट २०७ रुपये ७० पैशांस पडले! (इतर आकार व शुल्क यात धरलेले नाही.)

समजा एखाद्या घराचा वापर २१५ युनिटे आहे. वीज आकार १,१३५ रुपये ५० पैसे. त्या घराने पाच तास जळणारे साठ वॅटचे चार बल्ब बदलले, तर सुमारे ३० युनिटे वाचून वापर १८५ वर येतो व आकार ७४८ रुपये होतो. एका महिन्यात ३८७ रुपये ५० पैसे वाचले. चार दिव्यांची किंमत पहिल्याच महिन्यात जवळजवळ फिटली. याउलट दर महिन्यास सहाशे युनिटे जाळणाऱ्या, तीन खोल्यांत वातानुकूलन यंत्रे असणाऱ्या घराने दिव्यांवर फार भिस्त ठेवू नये. त्याचा खर्च दुसऱ्याच दाराने बाहेर पडत असतो.

आता ते कारण सांगतो. २०२४ साली सुरू झालेल्या गृहज्योती योजनेत पांढरी शिधापत्रिका असलेल्या पात्र कुटुंबास २०० युनिटांपर्यंत बिल शून्य येते. मर्यादा ओलांडली की सर्व बिल भरावे लागते. आमच्या पेढीवर माल उतरविणाऱ्या एका हमालाचा वापर उन्हाळ्यात कूलरमुळे २०६ युनिटांवर गेला, आणि शून्याच्या जागी हजारावर रकमेचे बिल हाती आले. दोष कोणाचाच नव्हता, नियमच तसा. तो उचल मागण्यास आला तेव्हा आम्ही दिव्यांची चौकशी केली. घरात दोन पिवळे बल्ब व एक झीरोचा. तिन्ही मिळून जवळजवळ वीस युनिटे वाचविण्याजोगी होती. सव्वादोनशे रुपयांच्या दिव्यांअभावी त्या गरिबास हजार रुपयांचा भुर्दंड पडला. उचल तर दिलीच, पण दिवेही दिले. पुढच्या महिन्यात कूलर चालूनही तो मर्यादेच्या आत राहिला.

खरेदीची सावधगिरी

स्वस्त म्हणून रस्त्यावरचा बिनछाप माल घेऊ नये. आम्ही एकदा असे बारा दिवे घेतले, वर्षाच्या आत सात विझले. एलईडीचे दाणे सहसा टिकतात. उष्णतेने बिघडते ते आतील विद्युतमंडल. म्हणून हवाबंद काचेच्या हंडीत दिवा कोंडू नये. डब्यावर भारतीय मानक संस्थेची खूण, ऊर्जा कार्यक्षमतेचे तारे, वॅटबरोबर ‘ल्यूमेन’ म्हणजे उजेडाचे माप, आणि हमीची मुदत पाहावी. पावती जपून ठेवावी. पंचवीस हजार तासांच्या जाहिरातीवर विसंबू नये. दिवा पाचच हजार तास टिकला, तरी २५५ युनिटे, म्हणजे ४ रुपये ८० पैशांच्या दराने १,२२४ रुपये वाचवून जातो.

यतना

शेवटी एक धोका. दिवा स्वस्त जळतो म्हणून तो अकारण जळत ठेवण्याची सवय लागते. सहा रिकाम्या खोल्यांत सहा एलईडी जळत असतील, तर एका जुन्या बल्बची वीज तशीच गेली. स्वामी समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात पृथ्वी, पाणी, अग्नी व वायू यांचा निष्कारण आरंभ प्रमादात गणला आहे, आणि तो प्रमाद अनर्थदंडात मोडतो. बटन बंद करणे ही केवळ काटकसर नव्हे, तर श्रावकाची यतना आहे. एलईडीत अतिनील किरण जवळजवळ नसल्याने, विशेषतः पिवळसर प्रकाशाच्या दिव्याकडे, कीटकही तुलनेने कमी ओढले जातात. हा लाभ कोणत्याही वहीत जमा होत नाही, तथापि आपणांस तो कमी मोलाचा नाही.

तात्पर्य, जेथे दिवा फार वेळ जळतो तेथे आधी बदलावा, जेथे क्वचित लागतो तेथे जुना विझेपर्यंत थांबावे, आपले बिल कोणत्या उंबरठ्याजवळ आहे ते पाहावे, आणि दर बदलल्यास हिशेब नव्याने मांडावा. सभासद बंधूंस एवढीच विनंती की, येत्या दिवाळीस आपल्या हमाल, मापाडी व दिवाणजींस मिठाईच्या पुड्याबरोबर दोन चांगले एलईडी दिवेही द्यावेत. मिठाई दोन दिवसांत संपेल, दिवा त्यांच्या घरी वर्षानुवर्षे उजेड देईल.

जय जिनेंद्र.