शेतात गाळ टाकण्याआधी हे वाचा

गाळ नेणं सुरू झालंय. वर फक्त शेतशिवार असलेल्या गावतलावाचा गाळ खुशाल न्या. पण वरून कारखान्याचं सांडपाणी किंवा औष्णिक केंद्राची राख येत असेल तर थांबा. जुलै 2022 मध्ये कोराडीच्या खसाळा राख तलावाचा बांध फुटून राख कोलार-कन्हान नदीत गेली होती. आपली वणा नदी बुटीबोरी औद्योगिक भागाकडून हिंगणघाटला येते. तिचा गाळ तपासल्याशिवाय उचलू नका.

शिसं, कॅडमियम बारीक गाळाला चिकटून राहतात. ते कुजत नाहीत, आणि पसरलेला गाळ परत वेचता येत नाही. आपल्या काळ्या जमिनीत पीक हे धातू कमी उचलतं, तरी पालकासारख्या पालेभाज्या कॅडमियम ओढतात.

👉 मृदा आरोग्य पत्रिकेच्या 12 तपासण्यांत शिसं, कॅडमियम नसतं. प्रयोगशाळेत "जड धातू" वेगळं सांगा.

👉 5-6 जागांचा गाळ प्लास्टिकच्या घमेल्यात मिसळून अर्धा किलो नमुना घ्या. गंजकं अवजार नको.

👉 शहरी कंपोस्टची मर्यादा: किलोला कॅडमियम 5, शिसं 100 मि.ग्रॅ. गाळ आपण कंपोस्टच्या कितीतरी पट टाकतो, म्हणून आकडा याच्या जवळ आला तरी नको.

ट्रॉली भरण्याआधी शंका असेल तर कंपनीत विचारा.