साईतून सापडलेली खूण

विरजलेली साय घुसळली की लोणी येते, हे तुम्ही घरी पाहिलेच असेल. पण ती चरबी दुधात असतानाच एकत्र येऊन तिचा गोळा का होत नाही? याचे कारण असे की, दुधातील चरबी सूक्ष्म थेंबांच्या रूपात असते आणि प्रत्येक थेंबाभोवती एक अत्यंत पातळ पापुद्रा असतो. घुसळताना तो फाटतो, आतली चरबी एकमेकींना चिकटते व लोणी वर येते. पापुद्र्याचे बरेचसे तुकडे ताकात राहतात.

हा पापुद्रा येतो कोठून? स्तनग्रंथीतील पेशी चरबीचा थेंब बाहेर ढकलते, तेव्हा तो थेंब जाताजाता त्या पेशीचे आवरणच अंगाभोवती लपेटून घेतो. म्हणजे दूध हे अन्न तर आहेच, शिवाय पेशींच्या आवरणाचा तो एक आयता साठाही आहे. मातेच्या दुधातून, कोणालाही इजा न करता, मानवी पेशीचे आवरण मुबलक मिळू शकते. या साध्या गोष्टीचा कर्करोगाच्या निदानासाठी उपयोग कसा झाला, ते आता पाहू.

त्वचा, अन्ननलिका, फुप्फुसातील वायुमार्ग आणि निरनिराळ्या ग्रंथी यांचे अस्तर ज्या पेशींचे असते, त्यांना अभिस्तर पेशी म्हणतात, हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात. प्रौढ माणसांना होणारे बहुतेक कर्करोग याच पेशींपासून उद्भवतात. त्यांना कार्सिनोमा असे नाव आहे. लसीका ग्रंथींतील पांढऱ्या पेशींपासून होणारा कर्करोग निराळा, त्याला लिम्फोमा म्हणतात. दोहोंचे उपचार फार वेगळे आहेत. लिम्फोमाचे काही प्रकार औषधांनी पूर्ण बरे होतात. कार्सिनोमामध्ये मूळ गाठ कोठे आहे ते शोधावे लागते व अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते.

समजा, एखाद्या रुग्णाच्या मानेत गाठ आली. डॉक्टरांनी तिचा तुकडा काढून विकृतितज्ज्ञाकडे पाठवला. सूक्ष्मदर्शकाखाली नुसत्या मोठ्या, वेड्यावाकड्या केंद्रकांच्या पेशींची गर्दी दिसते. कर्करोग आहे हे नक्की, पण कोणता? फार बिघडलेल्या पेशी आपल्या कुळाचे रूपच टाकून देतात. केवळ आकार पाहून उत्तर द्यायचे, तर कसलेल्या तज्ज्ञाचीही फसगत होऊ शकते, आणि उत्तर चुकले तर उपचारही चुकणार.

रूप बदलले, तरी कुळाची एखादी खूण पेशीच्या अंगावर शिल्लक असते काय? १९७९ साली इंग्लंडमध्ये हेडरमन, स्टील व ऑर्मरॉड या संशोधकांनी मानवी दुधातील चरबीच्या थेंबांचे आवरण घेऊन, त्याविरुद्ध प्राण्याच्या शरीरात प्रतिपिंडे तयार करवली. परके प्रथिन शरीरात आले की त्याला नेमकी चिकटणारी प्रतिपिंडे रक्तात तयार होतात, हा तर लसीकरणामागचाच नियम. ही प्रतिपिंडे निरनिराळ्या ऊतींवर घालून पाहिली, तेव्हा ती स्तनातील पेशींनाच नव्हे, तर इतर अनेक अभिस्तर पेशींनाही आणि त्यांच्यापासून झालेल्या गाठींनाही चिकटलेली आढळली. या खुणेला ‘एपिथेलियल मेम्ब्रेन अँटिजेन’, थोडक्यात ईएमए, असे नाव मिळाले. आज आपण जाणतो की, हे म्यूक-१ नावाचे लांबलचक, शर्करेच्या साखळ्यांनी लगडलेले प्रथिन आहे. त्यात वीस अमिनो आम्लांचा एकच क्रम माळेतल्या मण्यांसारखा पुन्हा पुन्हा येतो.

प्राण्याच्या रक्तातून मिळणाऱ्या प्रतिपिंडांची एक अडचण असते. ती अनेक प्रकारांची मिसळ असते आणि प्रत्येक प्राण्याची मिसळ वेगळी! या अडचणीवरचा उपाय मात्र आधीच निघाला होता. १९७५ मध्ये केंब्रिज येथे जॉर्ज कोलर व सीझर मिलस्टाइन यांनी उंदराच्या प्लीहेतील प्रतिपिंड बनवणारी पेशी आणि सतत वाढत राहणारी कर्कपेशी यांचा संकर केला. पहिलीला प्रतिपिंड बनवता येते, पण बाहेर ती फार दिवस जगत नाही. दुसरी जगते, पण तिला हवे ते प्रतिपिंड बनवता येत नाही. संकरपेशीत दोन्ही गुण आले. अशा एकाच पेशीची संतती वाढवली, की एकाच साच्याची प्रतिपिंडे हवी तितकी मिळतात. १९८४ चे नोबेल पारितोषिक या दोघांना नील्स येर्ने यांच्याबरोबर मिळाले. ईएमएसाठी याच रीतीने बनवलेले ‘ई-२९’ हे प्रतिपिंड प्रयोगशाळांत सर्रास वापरले जाते. त्याच्याही मुळाशी मानवी दुधाची सायच आहे.

पण प्रतिपिंड डोळ्यांना दिसत नाही. मग ते कोठे चिकटले, हे कळणार कसे? गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टिकवून मेणात बसवतात आणि त्याचे सुमारे ५ मायक्रोमीटर जाडीचे काप काढतात. असे दोन हजार काप एकावर एक ठेवले, तर जेमतेम एक सेंटिमीटर उंची होईल! काप काचपट्टीवर घेऊन मेण काढून टाकतात. फॉर्मॅलिनमुळे प्रथिने एकमेकांत गुंतून खुणा झाकल्या जातात, म्हणून बहुधा काचपट्टी योग्य द्रावणात तापवून त्या उघड्या कराव्या लागतात. मग ईएमएविरुद्धचे प्रतिपिंड घालतात व न चिकटलेले धुऊन टाकतात. त्यावर दुसरे प्रतिपिंड घालतात. ते उंदराच्या प्रतिपिंडाला चिकटते आणि त्याला पेरॉक्सिडेज हे विकर जोडलेले असते.

हे विकर हॉर्सरॅडिश नावाच्या, मोहरीच्या कुळातील एका झाडाच्या मुळापासून मिळते. (आपल्या शेवग्याच्या मुळांची चव तशीच तिखट, म्हणून इंग्रजांनी शेवग्याला हॉर्सरॅडिशचे झाड म्हटले. दोन्ही झाडांची कुळे मात्र वेगळी.) शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड व डीएबी हे रसायन घातले, की विकर असेल तेथेच न विरघळणारा तपकिरी साका बसतो. विकराचा एक रेणू डीएबीच्या पुष्कळ रेणूंवर क्रिया करतो, म्हणून थोड्या प्रतिपिंडाचाही रंग ठळक होतो. केंद्रके उठून दिसावीत म्हणून निळसर हिमॅटॉक्सिलीन देतात.

आता एक प्रश्न. तांबड्या रक्तपेशींतही पेरॉक्सिडेजसारखी क्रिया असते. मग दिसणारा तपकिरी रंग प्रतिपिंडाचाच कशावरून? यासाठी प्रतिपिंड घालण्याआधी हायड्रोजन पेरॉक्साइड देऊन ती क्रिया बंद पाडतात. शिवाय दोन जास्तीच्या काचपट्ट्या ठेवतात. एकीवर ईएमए नक्की असलेली ऊती असते, तिला रंग आलाच पाहिजे. दुसरीवर पहिले प्रतिपिंड घालतच नाहीत, तेथे रंग येता कामा नये. या जोडीवाचून दिलेला निकाल मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाचायला शिकावे लागते ते रंग कोठे आहे हे. निरोगी ग्रंथीत तपकिरी रेघ पोकळीकडच्या कडेलाच असते, कारण पेशीला आपली वरची बाजू कोणती ते ठाऊक असते. कर्करोगात हे दिशाभान सुटते आणि रंग पेशीच्या चहूबाजूंनी, कधी आतही पसरतो. ईएमए निरोगी पेशीतही असल्याने तपकिरी रंग म्हणजे कर्करोग, असे समीकरण मांडता येत नाही. मानेतल्या त्या गाठीत रंग आला, तर या पेशी अभिस्तर कुळातल्या असाव्यात, इतकेच कळते. म्हणून शेजारच्या कापावर पांढऱ्या पेशींची खूण शोधणारे सीडी-४५ चे प्रतिपिंडही घालून पाहतात. ईएमए आहे व सीडी-४५ नाही, तर कार्सिनोमाकडे कौल. उलट असेल, तर लिम्फोमाकडे.

येथेही अपवाद आहेतच. मेंदूच्या आवरणाच्या गाठी, लिम्फोमाचे काही प्रकार आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी यांनाही ईएमएचा रंग येतो. अस्थिमज्जेत लपलेल्या स्तनकर्करोगाच्या तुरळक पेशी शोधताना याचा फार त्रास होतो, कारण प्लाझ्मा पेशी मज्जेत नेहमीच असतात. अशा वेळी अभिस्तर पेशींच्या आतील केराटिन तंतूंना चिकटणारे प्रतिपिंड आणखी एका कापावर घालतात. प्लाझ्मा पेशींना त्याचा रंग सहसा येत नाही.