कबड्डीची लीग आणि शिकागोचा हलबर्ट

भाट्याच्या पुळणीवर ओहोटी लागली की मुले टाचेने रेघा ओढतात आणि कबड्डीचे मैदान तयार होते. खर्च काहीच नाही. या खेळावर कोणाचे पोट चालेल, असे आपल्या वडीलधाऱ्यांच्या स्वप्नातही आले नसेल. त्यांच्या काळी चांगल्या चढाईपटूचे भाग्य म्हणजे रेल्वेत, पोलिसांत किंवा बँकेत नोकरी. खेळायचे कचेरीच्या संघातून आणि पगार घ्यायचा तो नोकरीचा.

अमेरिकेत बेसबॉलची अडचण निराळी होती. तेथे १८७१ पासून पगारी खेळाडूंची संघटना होती. परंतु संघ ठरलेले सामने टाळीत आणि सट्टेबाजांचा सुळसुळाट असे. शिकागो संघाच्या विल्यम हलबर्ट यांनी २ फेब्रुवारी १८७६ रोजी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात क्लबांची बैठक भरवून ‘नॅशनल लीग’ स्थापन केली. संघ आठ, एका शहराला एकच संघ. त्याच वर्षी न्यूयॉर्क व फिलाडेल्फियाच्या संघांनी पश्चिमेकडील राहिलेले सामने खेळण्याचे नाकारले. ही देशातील सर्वांत मोठी दोन शहरे! तरीही हलबर्टच्या आग्रहाने लीगने दोघांनाही काढून टाकले. माझ्या मते लीगचा खरा जन्म त्या दिवशी झाला. खेळाडू पूर्वीही होते, प्रेक्षकही होते. नव्हता तो वेळापत्रकाचा धाक.

कबड्डीजवळ नियम होते, महासंघ होता, १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदकही होते. उणीव होती ती पैसा आणि ठरलेला हंगाम यांची. आनंद महिंद्र व चारू शर्मा यांच्या ‘मशाल स्पोर्ट्‌स’ने ती भरून काढली. २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत प्रो कबड्डी सुरू झाली. येथेही संघ आठच! त्यांत आपले दोन, यू मुंबा आणि पुणेरी पलटण. मातीऐवजी मॅट आली, आणि खेळ दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोहोचला. पहिल्या लिलावात राकेश कुमारला १२ लाख ८० हजारांची सर्वाधिक बोली लागली.

लिलाव! मिरकरवाड्यावर मासळीचा लिलाव पाहिलेल्या आपणांस हा शब्द जरा खटकतोच. हलबर्टच्या लीगनेही १८७९ मध्ये प्रत्येक क्लबाला पाच खेळाडू राखून ठेवण्याची मुभा दिली. त्यांना दुसरा क्लब घेईना. पुढे हे बंधन जवळजवळ सर्वच खेळाडूंवर आले आणि १९७५ मध्ये लवादाच्या निर्णयानेच सैल झाले. पैसा आला, पण संघ निवडण्याचा हक्क गेला. आपल्या मुलांनी हा सौदा डोळे उघडे ठेवून करावा.

आणि मुलींचे काय? २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत महिला कबड्डी प्रथमच आली व भारताने सुवर्णपदक जिंकले. २०१६ साली प्रो कबड्डीबरोबर महिलांच्या तीन संघांची स्पर्धा झाली. पुढल्या हंगामात ती दिसली नाही.