जुन्या जीपला डिस्क ब्रेक बसविण्यापूर्वी



ऊस विकास विभागाच्या पानावर बेणेप्रक्रिया आणि खोडवा सोडून ब्रेकचा विषय कुठून निघाला, असे काहींना वाटेल. कारण सरळ आहे. आपल्या नांदेड-लातूर भागात कित्येक सभासदांकडे वडिलांच्या वेळची जीप किंवा फियाट अजून चालू आहे. हंगामात हीच गाडी रात्री-बेरात्री फडावर आणि कारखान्यावर धावते. डांबरावर काळ्या मातीचा चिखल, पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, त्याला मागचा दिवा असेलच याचा भरवसा नाही. पंक्चर झालेली ट्रॉली चाकाला दगड लावून अंधारात तशीच उभी असते. तेव्हा "डिस्क ब्रेक बसवून घेऊ का?" हा सभासदांचा प्रश्न गैर नाही. आम्ही मोटारीचे मिस्त्री नव्हेत, पण समजून घेतलेले येथे मांडतो.

महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीप जोडण्यास १९४७ साली सुरुवात केली. फियाट बनविणारी प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेली; रावळगाव आणि वालचंदनगरचे साखर कारखानेही त्यांचेच. म्हणजे ऊस आणि मोटार यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. या जुन्या गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. तिकडे १९५३ साली ल मां येथील शर्यत डिस्क ब्रेकच्या जग्वार गाडीने जिंकली आणि मग हा ब्रेक हळूहळू साध्या गाड्यांतही आला.

ड्रममध्ये दोन शू बाहेरच्या बाजूला फाकतात आणि फिरत्या ड्रमला आतून घासतात. ड्रम फिरताना पुढच्या शूला स्वतःच आत ओढून घेतो, त्यामुळे कमी जोरात ब्रेक लागतो. हा त्याचा मोठा गुण. दोष असा की उष्णता आत कोंडते. उतारावर सारखा ब्रेक दाबला की ड्रम तापून फुगतो, शूपासून दूर जातो आणि पेडल खाली खाली जाऊ लागते. ओढ्याचे पाणी आत शिरले तर लायनर वाळेपर्यंत ब्रेक धरत नाही. डिस्कची थाळी उघडी असते. तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटीत धरतात. ती वाऱ्याने लवकर निवते आणि पाणी झटकून टाकते. पण ड्रमसारखी आपोआप मिळणारी ओढ तिला नाही, म्हणून दाब जास्त लागतो. बरीच गफलत इथेच होते.

नुसती थाळी आणि कॅलिपर बसवले म्हणजे काम झाले असे नव्हे. पायापासून चाकापर्यंत ब्रेक हे एकच यंत्र आहे. हिशेब करून पाहा. पायाने ४० किलो जोर दिला आणि पेडलच्या दांड्याने तो पाचपट झाला, तर मास्टर सिलिंडरवर २०० किलो पडतात. सिलिंडर पाऊण इंची असेल तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७० किलो दाब मिळतो. एक इंची असेल तर सुमारे ३९ किलोच. कॅलिपरचा पिस्टन मोठा, त्याला तेल जास्त लागते. म्हणून सिलिंडर लहान ठेवला तर पेडल फळीला टेकते. मोठा घातला तर पाय दुखेपर्यंत दाबूनही गाडी थांबत नाही. या ओढाताणीवर उपाय म्हणजे योग्य मापाचा सिलिंडर आणि जोडीला बूस्टर.

बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. पेट्रोल इंजिनात तो आयता मिळतो. डिझेल इंजिनात मिळत नाही, तेथे वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. जीपमध्ये मागाहून डिझेल इंजिन टाकलेल्या सभासदांनी हे आधी पाहावे.

जुन्या जीपची आणखी एक खोड आहे. तिचा मास्टर सिलिंडर फळीखाली, कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर असतो. गाडी उभी असताना तेल मागे उतरते आणि पहिले पेडल पोकळ जाते. त्यासाठी लाइनमध्ये थोडा दाब राखणारा झडपेचा तुकडा लागतो. मात्र ड्रमसाठीची जुनी झडप डिस्कला चालत नाही. ती जास्त दाब धरते आणि पॅड सतत घासत राहतात.

डिस्क पुढच्या चाकांनाच बसवावी, मागे ड्रमच राहू द्यावेत. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे येतो. मागची चाके आधी जाम झाली तर गाडी गर्रकन फिरते. म्हणून मागचा दाब कमी करणारी झडप घालावी. कॅलिपर रिमला घासत नाही ना, हेही चाक लावून हाताने फिरवून बघा.

आमचे मत विचाराल तर पहिला खर्च दोन कप्प्यांच्या मास्टर सिलिंडरवर करावा. जुन्या गाडीत एकच लाइन असते. एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. दोन कप्पे असले तर दोन चाके तरी धरतात. गाडी गावाबाहेर जात नसेल तर नवे लायनर, बदललेले व्हील सिलिंडर, लेथवर साफ केलेला ड्रम आणि शूची योग्य सेटिंग एवढ्यावर भागते. भंगारातून आणलेल्या डिस्कपेक्षा असा ड्रम केव्हाही बरा. अहमदपूर-लोहा रस्त्याने नेहमी ये-जा असेल तर मात्र डिस्कचा विचार जरूर करावा.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलातील फेरफारावर बंधन घालते आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ते कडकपणे लावले. काम करण्यापूर्वी नांदेड किंवा लातूरच्या परिवहन कार्यालयात विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. नाहीतर अपघातानंतर दाव्यात अडचण येते.

ब्रेक ऑइल डबा फोडून ताजेच घाला. ते हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीचे ताजे तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा शिरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत उतरते. इंजिन ऑइल चुकूनही घालू नये, रबरी वॉशर फुगून बसतात. हवा काढताना सर्वांत लांबचे, म्हणजे मागचे डावे चाक आधी घ्यावे.

काम झाल्यावर प्रथम मोकळ्या रानात, सावकाश वेगाने ब्रेक मारून पाहा. गाडी एका बाजूला ओढते का, मागची चाके आधी जाम होतात का, हे दुसऱ्या माणसाला बाहेर उभे करून बघा. शंभरेक किलोमीटर झाल्यावर नट-बोल्ट आणि तेलाची पातळी तपासा. चाकांजवळ हात नेऊन पाहा, थाळीला लावू नका. पुढचे एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापलेले वाटले तर पॅड सुटत नाही असे समजून गाडी परत मिस्त्रीकडे न्या.