घटक ६ : संकेतस्थळाच्या मापन-साधनाची निवड

६.१ प्रस्तावना

मराठी शब्दसंग्रह महाजालावर कसा मांडावा, याचा परिचय आपण मागील घटकात करून घेतला. असा संग्रह कोण पाहतो आणि तो कशासाठी पाहतो, हे मोजावयाचे कोणत्या साधनाने, हा या घटकाचा विषय आहे. या मोजणीला व्यवहारात ‘वेब अ‍ॅनालिटिक्स’ म्हणतात. भाषेच्या अभ्यासकाने हा विषय संगणकतज्ज्ञांवर सोपवून मोकळे व्हावे, असा एक समज रूढ आहे. तो मला मान्य नाही. काय मोजावयाचे, हे मजकूर जाणणाऱ्यानेच ठरवावे लागते.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ मोजणीच्या पद्धती व साधने

मोजणीच्या मुख्य पद्धती दोन आहेत. पहिलीत सर्व्हरवर आपोआप लिहिल्या जाणाऱ्या लॉग फाइलचे विश्लेषण केले जाते. ‘एडब्ल्यूस्टॅट्स’ हे त्याचे जुने साधन. यात शोधयंत्रांच्या स्वयंचलित फेऱ्याही वाचक म्हणून मोजल्या जाण्याचा संभव असतो. दुसरीत प्रत्येक पृष्ठात एक लहान जावास्क्रिप्ट आज्ञावली घातली जाते व ती वाचकाच्या ब्राउझरमधून माहिती पाठविते. ही आज्ञावली अडविणारा वाचक मोजणीत येतच नाही. त्यामुळे दोन पद्धतींचे आकडे जुळले नाहीत, तर कोणाची तरी चूक झाली असे समजू नये.

दुसऱ्या पद्धतीचे सर्वपरिचित साधन म्हणजे २००५ मध्ये सुरू झालेले ‘गूगल अ‍ॅनालिटिक्स’. ते विनामूल्य आहे. मात्र माहिती गूगलच्या सर्व्हरवर राहते आणि नियमही तेथेच ठरतात. विनामूल्य साधनाच्या जुन्या आवृत्तीने १ जुलै २०२३ पासून नवी माहिती घेणे थांबविले आणि जुनी माहिती नव्या आवृत्तीत आपोआप आली नाही. ‘मॅटोमो’ (२०१८ पूर्वीचे नाव ‘पिविक’) हे मुक्तस्रोत साधन स्वतःच्या सर्व्हरवर बसविता येते. परंतु ते अद्ययावत ठेवणारी व्यक्ती हाताशी हवी. ‘प्लॉझिबल’ कुकी न वापरता मोजकीच माहिती देते. लहान विभागाला बहुधा तेवढी पुरते, असे माझे मत आहे.

६.२.२ देवनागरी मजकुराची मोजणी

साधनांच्या जाहिरातींत या बाबीचा उल्लेख सहसा नसतो, म्हणून येथे थोडे थांबू. पृष्ठाच्या पत्त्यात देवनागरी अक्षरे असतील, तर ती सांकेतिक रूपात पाठविली जातात. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन चिन्हांनी लिहिला जातो. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ व वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत; पत्त्यात त्यांची ४५ होतात. साधन ती पुन्हा देवनागरीत दाखविते की नाही, हे निवडीपूर्वी तपासावे.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो : ‘ऱ’ या चिन्हाला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर रूप एकच दिसते. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन निराळे शब्द असतात. शिवाय ‘घर’, ‘घरी’, ‘घराला’ या विकारी रूपांच्या शोधांचीही वेगवेगळी नोंद होते. म्हणून शोधशब्दांची पूर्ण यादी बाहेर काढू देणारे साधनच घ्यावे. रूपे एकत्र करण्याचे काम आपल्यालाच करावे लागते. आपल्या व्याकरणाच्या अभ्यासाचा हा अनपेक्षित उपयोग म्हणावयास हरकत नाही.

६.२.३ आकड्याचा अर्थ

एका विभागाच्या बोली-शब्दसंग्रहाच्या कामात मी होतो. वर्षअखेरच्या अहवालात बहुसंख्य वाचक एकच पृष्ठ पाहून जातात आणि त्यांचा वाचनकाळ शून्य आहे, असे दिसले. संग्रह कोणी वाचत नाही, असा निष्कर्ष निघून पुढील ध्वनिमुद्रण थांबविण्यात आले. मीही त्या बैठकीत मान डोलावली होती. वास्तविक ते साधन दोन नोंदींमधील अंतरावरून वाचनकाळ काढीत असे. एकच पृष्ठ पाहणाऱ्याची दुसरी नोंदच नसल्याने उत्तर शून्य येई. शिवाय कोशात अर्थ सापडला की वाचक जाणारच. हे उमगेपर्यंत एक वर्ष गेले. ज्या वृद्ध भाषकांचे शब्द आम्ही नोंदविणार होतो, त्यांतील एक आजी तोवर राहिल्या नव्हत्या.

६.२.४ वाचकाची खाजगी माहिती

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ हा येथे विचारात घ्यावा लागतो. त्यात १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले असून बालकांच्या वर्तनाचा माग ठेवण्यावर निर्बंध आहेत. शालेय विद्यार्थी आपला संग्रह वापरणार असतील, तर व्यक्तीचा माग न ठेवणारे साधन निवडणे इष्ट.

६.३ स्वयं-अध्ययन प्रश्न

(१) लॉग फाइल व जावास्क्रिप्ट या पद्धतींचे आकडे का जुळत नाहीत, ते स्पष्ट करा.

(२) ‘पाणी’ या शब्दाची वाचक शोधू शकतील अशी दहा विकारी रूपे लिहा व त्यांची एकत्र मोजणी कशी कराल ते सांगा.

(३) ६.२.३ मधील बैठकीत आपण असता, तर अहवालाविषयी कोणते प्रश्न विचारले असते?